संध्याकाळची चार विमाने : १ सप्टेंबर १९६५ आणि यशवंतराव

कराडचा विमानतळ १९५५ साली बांधला गेला तो कोयना धरणासाठी. सांगलीजवळ कवलापूरच्या माळावरची धावपट्टी आपल्याला माहीत आहे ती अनेक वर्षे विमानांची वाट पाहणारी म्हणून. शेजारच्या कोल्हापूरचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या हस्ते १९३९च्या जानेवारीत सुरू झाला, तोही संस्थानाच्या हौसेचा आणि सोयीचा. कृष्णा-कोयनेच्या या खोऱ्याने फौजेला पिढ्यान्‌पिढ्या माणसे दिली. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हा शब्दच चिकटला. पण हवाई युद्ध ही गोष्ट आपल्या भागाने कधी डोक्यावरून जाताना पाहिली नाही.

असे असले तरी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मोठ्या हवाई युद्धाचा पहिला हुकूम ज्याच्या तोंडून गेला, तो माणूस याच खोऱ्यातला. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३चा, देवराष्ट्रे गावचा. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. वाढले ते कराडात, आणि त्यांची समाधीही कराडातच, प्रीतिसंगमावर. दोन्ही जिल्ह्यांनी त्यांना आपले मानावे हे स्वाभाविकच आहे. १ सप्टेंबर १९६५च्या दुपारी त्यांनी हवाई दल युद्धात उतरवण्याचा निर्णय काही मिनिटांत घेतला, ही गोष्ट आपल्याकडे भाषणांतून, गौरव अंकांतून, जयंती-पुण्यतिथीच्या लेखांतून आजवर असंख्य वेळा सांगितली गेली आहे. ती खरीच आहे. मात्र ती सांगताना आपण नेहमी हुकमापाशी थांबतो. हुकूम सुटल्यानंतरच्या दीड तासात काय घडले, हे आपल्या सांगण्यात येत नाही. त्या दीड तासात चार भारतीय विमाने पडली आणि तीन वैमानिक परतले नाहीत. ही दुसरी अर्धी गोष्ट पहिल्या अर्ध्या गोष्टीशेजारी ठेवून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बासष्टचे ओझे

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच सुमारास यशवंतराव मुंबई सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून रुजू झाले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी बसले ते तेव्हापासून. लष्कराशी त्यांचा संबंध त्याआधीच, आपल्याच भागात, एका वेगळ्या वाटेने आला होता. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली, तेव्हा ते मुख्यमंत्री होते.

दिल्लीत त्यांच्या वाट्याला आला तो पराभवाचा हिशेब. त्या हिशेबात एक प्रश्न हवाई दलाचाही होता. १९६२च्या लढाईत वाहतुकीची विमाने आणि हेलिकॉप्टरे जवानांना रसद पोहोचवत होती, पण लढाऊ विमाने तळांवर उभी राहिली. ती वापरली तर चीन आपल्या शहरांवर बॉम्ब टाकील, ही भीती होती. पुढे अनेक अभ्यासकांनी हा निर्णय चुकीचा ठरवला. एवढे मात्र खरे, की विमाने हाताशी असून वापरली नाहीत, हा सल लष्कराच्या मनात राहिला. १९६५च्या त्या दुपारी निर्णय घेणाऱ्या माणसाच्या मागे हे ओझे होते, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या निर्णयाची घाई कळत नाही.

दुपारचे चार

१ सप्टेंबरच्या पहाटे पाकिस्तानी तोफखान्याने छांब भागात मारा सुरू केला आणि त्यामागून पॅटन रणगाडे सरकू लागले. पाकिस्तानने या मोहिमेला 'ग्रँड स्लॅम' असे नाव दिले होते. लक्ष्य होते अखनूर. तिथला चिनाबवरचा पूल हाती गेला असता, तर जम्मूहून पश्चिमेकडे पूंछ-राजौरीकडे जाणारा रस्ता तुटला असता. आपल्या बाजूला त्या भागात १९१ ब्रिगेड होती आणि तिच्या मदतीला २० लान्सर्सचे हलके एएमएक्स-१३ रणगाडे. पॅटनपुढे हे रणगाडे वजनाने आणि कवचाने फार कमी होते. ते लढले, पण दुपारपर्यंत रेटा वाढतच गेला. आघाडीवरून हवाई मदतीची मागणी झाली.

चारच्या सुमाराला दिल्लीत संरक्षण मंत्रालयात लष्करप्रमुख जनरल जयंतनाथ चौधुरी आणि हवाई दलाचे प्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग यशवंतरावांपुढे होते. मागणी साधी होती, परिणाम साधे नव्हते. काश्मीरच्या युद्धबंदी रेषेवरची चकमक आणि दोन देशांमधले उघड युद्ध यांतली सीमारेषा तेव्हा विमानांनीच आखली जात होती. विमान वर गेले की समोरचे विमानही वर येणार, आणि मग पंजाबपासून कच्छपर्यंतच्या प्रत्येक तळावर धोका येणार, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होते. मंत्रिमंडळाच्या आपत्कालीन समितीची बैठक बोलावून मग होकार देणे हा राजकारणी माणसाला सुरक्षित मार्ग होता. यशवंतरावांनी तो घेतला नाही. त्यांनी होकार दिला. त्यांच्या त्या दिवसांतल्या नोंदी त्यांचे तेव्हाचे खासगी सचिव राम प्रधान यांनी २००७ साली इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. युद्धाच्या त्या आठवड्यांत मंत्र्याच्या खांद्यावर काय होते, ते पाहायचे तर त्या ग्रंथाकडे वळावे लागते.

पाच वाजून एकोणीस मिनिटांनी पठाणकोटच्या धावपट्टीवरून पहिली विमाने उडाली. त्या संध्याकाळी एकूण बारा व्हॅम्पायर आणि चौदा मिस्टियर विमाने गेली. सूर्य मावळायला दीड तास होता.

लाकडी अंगाचे विमान

व्हॅम्पायर हे ब्रिटिश द हॅविलंड कंपनीचे विमान. पहिले उड्डाण १९४३ सालचे. त्याच्या पुढच्या अंगाची बांधणी प्लायवूड आणि बाल्सा या लाकडांची होती आणि मागे दोन दांडे काढून त्यांवर शेपूट बसवले होते. पंख सरळ. भारतीय हवाई दलाचे हे पहिले जेट विमान, १९४८च्या अखेरीस आलेले. पुढे बंगळूरच्या कारखान्यातही ते बांधले गेले. कितीतरी वैमानिक जेट उडवायला शिकले ते यावरच. १९६५पर्यंत त्याचे काम मुख्यतः प्रशिक्षणाचे उरले होते. जमिनीवरच्या लक्ष्यावर रॉकेटे आणि तोफगोळे टाकण्यासाठी ते अजून उपयोगाचे होते, पण एका अटीवर. आकाशात समोर दुसरे लढाऊ विमान नसले पाहिजे.

समोर होते ते अमेरिकन सेबर. मागे झुकलेल्या पंखांचे, वेगात कितीतरी सरस, नाकात सहा मशिनगन बसवलेले. कोरियाच्या युद्धात तावूनसुलाखून निघालेले विमान. सेबर मागे लागले तर व्हॅम्पायरच्या वैमानिकाला वेगाने निसटता येत नव्हते. वळणे घेऊन चुकवणे एवढाच मार्ग होता, आणि खाली उडत असताना वळायला जागाही थोडीच. त्यात एकासनी व्हॅम्पायरला इजेक्शन सीट नव्हती. विमान पेटले तर वैमानिकाने स्वतः छत उघडायचे, पट्टे सोडायचे, बाहेर पडायचे आणि मग छत्री उघडायची. उंची भरपूर असेल तर हे जमते. जमिनीवरच्या रणगाड्यांवर मारा करायला उतरलेल्या विमानाला उंची नसतेच.

मग ही विमाने का पाठवली? उत्तर कटू आहे, पण अवघड नाही. ती पठाणकोटला उभी होती. रणांगण काही मिनिटांच्या अंतरावर होते. उजेड संपत आला होता आणि उद्या सकाळपर्यंत थांबले तर अखनूरचा रस्ता मोकळा होण्याची भीती होती. जे हाताशी होते ते गेले.

व्हॅम्पायर चार-चारच्या तुकड्यांनी निघाली. त्या संध्याकाळी छांबवर पाकिस्तानी सेबरही घिरट्या घालत होती. त्यांत होते स्क्वाड्रन लीडर सरफराज रफीकी आणि त्यांचे साथीदार इम्तियाज भट्टी. पाकिस्तानी नोंदींनुसार या दोघांनी प्रत्येकी दोन व्हॅम्पायर पाडली. भारतीय कथनात तीन सेबरांनी आणि एक जमिनीवरच्या माऱ्याने पडले असे येते. आकड्याविषयी वाद नाही. चार विमाने गेली. फ्लाइट लेफ्टनंट ए. के. भागवागर, फ्लाइट लेफ्टनंट व्ही. एम. जोशी आणि फ्लाइट लेफ्टनंट एस. भारद्वाज मारले गेले. फ्लाइंग ऑफिसर एस. व्ही. पाठक छत्रीने उतरून वाचले. यांतली एकदोन आडनावे मराठी कानाला घरची वाटतील. आडनावावरून गाव ठरत नाही, आणि या गोष्टीत ते ठरण्याची गरजही नाही.

आणखी एक गोष्ट त्या संध्याकाळी घडली, ती गौरवाच्या लेखांत येत नाही. धुळीत आणि उतरत्या उजेडात वरून कोणता रणगाडा कोणाचा हे ओळखणे कठीण झाले आणि विमानांचा काही मारा आपल्याच तुकड्यांवर पडला. लष्करी इतिहासकारांनी हे लिहून ठेवले आहे. घाईने दिलेल्या हवाई मदतीला, जमिनीवरच्या फौजेशी नीट संपर्क नसेल तर, हा धोका असतोच.

तळाच्या कुंपणापाशी

या चार विमानांचा धडा हवाई दलाने लगेच घेतला. व्हॅम्पायर आणि तूफानी ही जुनी विमाने आघाडीवरून मागे घेण्यात आली. पठाणकोटला छोटी, चपळ नॅट विमाने आणली गेली आणि ३ सप्टेंबरला स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी एका सेबरला गाठल्याची बातमी देशभर गेली.

६ सप्टेंबरला भारतीय फौजांनी लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली. युद्ध आता पूर्ण पेटले. त्याच संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पंजाबातल्या तळांवर हल्ले केले. पठाणकोटला सेबरांनी सुमारे दहा विमाने जमिनीवरच नष्ट केली. या युद्धात भारताने गमावलेल्या विमानांचा मोठा भाग असा तळावर उभ्या उभ्या गेला.

लुधियानाजवळच्या हलवारा तळावर मात्र आकाशात गाठ पडली. सरगोध्याहून निघालेली तीन सेबर विमाने तिन्हीसांजेला तिथे पोहोचली. त्यांचे नेतृत्व रफीकींकडेच होते, छांबवर व्हॅम्पायर पाडणारे तेच. सोबत युनूस हुसेन आणि सेसिल चौधरी. तळाभोवती हंटर विमाने गस्त घालत होती. रफीकींनी फ्लाइंग ऑफिसर प्रकाश सदाशिवराव पिंगळे यांचे हंटर पाडले. पिंगळे इजेक्शन सीटने बाहेर फेकले गेले आणि वाचले. फ्लाइंग ऑफिसर आदी गांधी यांनी एका सेबरवर मारा केला, पण त्यांचेही हंटर पडले. तेही बाहेर पडले आणि वाचले. मग फ्लाइट लेफ्टनंट राठोड आणि फ्लाइंग ऑफिसर नेब यांची हंटर चालून आली. रफीकींच्या बंदुका ऐन वेळी अडकल्या होत्या. ते आणि युनूस हुसेन परतले नाहीत. सेसिल चौधरी तेवढे सरगोध्याला पोहोचले.

काही मिनिटांत, एका तळाच्या आसपास, चार विमाने जमिनीवर आली. छांबच्या चार विमानांशी हलवाऱ्याच्या दोन हंटरांची तुलना केली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. छांबला चार वैमानिकांतला एक वाचला. हलवाऱ्याला दोघांतले दोघे. हलवाऱ्याचे वैमानिक अधिक शूर किंवा अधिक कुशल होते म्हणून हे झाले नाही. त्यांच्या खुर्चीखाली स्फोटकाची नळी होती. मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीने १९४६ साली जिवंत माणूस बसवून पहिली चाचणी केलेली ती खुर्ची पुढच्या पिढीच्या विमानांत आली. व्हॅम्पायर तिच्या अलीकडच्या पिढीचे राहिले. वैमानिक घरी परततो की नाही, हे अनेकदा पाच-दहा वर्षांपूर्वी कोणत्या खात्याने कोणते विमान घ्यायचे ठरवले त्यावर अवलंबून असते. युद्धाची किंमत युद्धाच्या दिवशी चुकती होते, पण ती ठरलेली असते कितीतरी आधी.

हलवाऱ्याच्या रात्री आणखी एक प्रसंग घडला. पाकिस्तानने हलवारा, आदमपूर आणि पठाणकोट या तीन तळांजवळ प्रत्येकी साठच्या आसपास छत्रीधारी सैनिक उतरवले. तळ उद्ध्वस्त करायला आलेले हे सैनिक शेतांत विखुरले आणि त्यांतले बहुतेक पकडले गेले. पकडण्यात पोलीस आणि जवानांबरोबर गावकरीही होते. हवाई तळाभोवतीच्या शेतकऱ्याला युद्ध असे भेटते. एका रात्री त्याच्या पिकात तुटलेले पंख पडतात, दुसऱ्या रात्री माणसे उतरतात.

आकाशातली ओळख

१६ सप्टेंबरला पिंगळे पुन्हा आकाशात होते. हलवाऱ्याच्या उडीला दहा दिवस झाले होते. सोबत होते फ्लाइंग ऑफिसर फारोख बुनशा. त्यांची गाठ पडली पाकिस्तानी हवाई दलातील सर्वांत गाजलेल्या एम. एम. आलम यांच्याशी. बुनशा त्या लढतीत मारले गेले. पिंगळ्यांनी दुसरे सेबर पाडले आणि त्याचा वैमानिक शौकत छत्रीने उतरून युद्धकैदी झाला. पिंगळ्यांना वीरचक्र मिळाले. गांधी, राठोड आणि नेब यांनाही ते मिळाले. रफीकींना पाकिस्तानने हिलाल-ए-जुर्रत दिला आणि शोरकोटच्या हवाई तळाला त्यांचे नाव दिले.

तीन दिवसांनी, १९ सप्टेंबरला, कच्छमध्ये सुथरी गावाजवळ एक नागरी विमान पाडले गेले. त्यात गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता होते. विमान चालवत होते हवाई दलाचे माजी वैमानिक जहांगीर इंजिनिअर. कोणीही वाचले नाही. ते पाडणारे पाकिस्तानी वैमानिक कैस हुसेन यांनी २०११ साली, सेहेचाळीस वर्षांनंतर, इंजिनिअर यांच्या कन्येला पत्र लिहून खेद व्यक्त केला आणि त्यांच्या कन्येने समजुतीने उत्तर दिले. हवाई युद्धात मारणारा आणि मरणारा एकमेकांचे चेहरे पाहत नाहीत. कधीकधी अर्ध्या शतकाने पत्र येते. बहुतेकदा तेही येत नाही.

निर्णय आणि किंमत

मग १ सप्टेंबरचा निर्णय बरोबर होता का?

लष्करी दृष्टीने विचारले तर उत्तर मोजूनमापून द्यावे लागते. अखनूर पडले नाही, हे खरे. पण ते केवळ त्या संध्याकाळच्या विमानांमुळे पडले नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. २ सप्टेंबरला पाकिस्तानने ऐन मोहिमेत सेनापती बदलला. अख्तर हुसेन मलिक यांच्या जागी याह्याखान आले आणि मोलाचा वेळ गेला. आपल्या ब्रिगेडने मागे सरकत का होईना, वेळ खाल्ला. आणि ६ तारखेला लाहोरची आघाडी उघडल्यावर छांबच्या मोहिमेचा जोरच गेला. विमानांनी त्या संध्याकाळी रणगाड्यांच्या रेट्याला अडथळा केला आणि समोरच्याला सावध केले, एवढे श्रेय त्यांचे.

राजकीय दृष्टीने मात्र त्या होकाराचे वजन वेगळे आहे. युद्ध वाढेल हे माहीत असताना, समितीच्या सह्यांमागे न लपता, एका मंत्र्याने जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतली. ती संध्याकाळ पूर्ण फसली असती, अखनूर गेले असते आणि चाराऐवजी चौदा विमाने पडली असती, तर तोच होकार उतावळेपणा म्हणून त्यांच्या नावे लिहिला गेला असता. हे त्यांना कळत नव्हते असे नाही. निर्णयाचे मोठेपण तिथे आहे. वेगात नाही.

म्हणूनच त्याची किंमत झाकून ठेवणे हा त्या निर्णयावरही अन्याय आहे. काहीही न गमावता घेतलेला निर्णय सोपा असतो. तो सांगण्यात शौर्य नाही. यशवंतरावांच्या होकाराला अर्थ येतो तो त्या होकाराने तीन माणसे परत आली नाहीत म्हणून, आणि तरीही तो दिला जाणे आवश्यक होते म्हणून. व्हॅम्पायरची चार विमाने काढून टाकली तर उरते ती फक्त एका नेत्याच्या तडफेची दंतकथा. इतिहास म्हणून मग तिचा उपयोग नाही.

सातारा-सांगलीच्या घरांना हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. इथल्या कितीतरी घरांत भिंतीवर गणवेशातला फोटो आहे आणि त्याखाली हार आहे. पायदळातल्या मुलाची बातमी येते तेव्हा त्याच्या मरणाला गाव असते, खिंड असते, चौकीचे नाव असते. वैमानिकाच्या मरणाला पुष्कळदा एवढेही नसते. सीमेच्या पलीकडे कुठल्यातरी शेतात जळालेला सांगाडा, आणि तळावर रात्रभर रिकामी राहिलेली त्याच्या विमानाची जागा.

प्रीतिसंगमावर दरवर्षी १२ मार्चला आणि २५ नोव्हेंबरला फुले वाहिली जातात, भाषणे होतात. त्या भाषणांत १ सप्टेंबरची दुपार येतेच, आणि येत राहावी. पुढच्या वेळी ती सांगताना पाच वाजून एकोणीस मिनिटांपाशी न थांबता आणखी दीड तास पुढे जावे. भागवागर, जोशी, भारद्वाज ही तीन नावे घ्यावीत, आणि वाचलेल्या पाठकांचेही. साताऱ्याच्या सैनिक शाळेतून वैमानिक व्हायचे स्वप्न घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला त्या दुपारची गोष्ट शिकवायची असेल, तर ती पूर्ण शिकवावी. हुकूम देणारा आपल्या मातीतला होता, याचा अभिमान बाळगण्याचा अधिकार त्या चार नावांची आठवण ठेवूनच मिळतो.